वरच्या अंगाचं आभाळ

फेब्रुवारीत भाच्यानं स्पेनमधून व्हिडिओ पाठवला. तो व्हॅलेन्सियात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून तो दक्षिणेला अलिकांते प्रांतातल्या एका खोऱ्यात गेला होता. खोऱ्याचं नाव हालोन, तिथली जुनी माणसं म्हणतात शालो. दोन्ही अंगांना राखाडी डोंगर, मधे कोरडं नदीपात्र आणि त्या सगळ्यावर पांढरा-गुलाबी धुरळा बसावा तसा बदामाचा फुलोरा. गाड्या थांबवून लोक फोटो काढत होते. जवळच्या अल्कललीत या फुलोऱ्याचा उत्सवच भरतो म्हणे. व्हिडिओखाली त्यानं लिहिलं होतं, ‘मामा, वाईनचं खोरं आहे हे. आपल्याकडं असं काही फुलत नाही, नाही का?’

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. चौथ्यांदा पाहताना बदामाच्या खालच्या अंगाला काळे खुंट दिसले. गुडघ्याएवढे, छाटून मुठीसारखे झालेले, ओळीत. एकाही खुंटावर हिरवं काही नव्हतं. ती द्राक्षं होती. वाईनच्या खोऱ्यातला फुलोरा बघायला लोक येतात, तेव्हा द्राक्षवेल झोपलेली असते. तिचा स्वतःचा फुलोरा मे-जूनमध्ये, आणि तेव्हा तो बघायला गाड्या थांबत असतील असं काही मला वाटत नाही.

पण खरं टोचलं ते भाच्याचं वाक्य. हा मुलगा वाढला द्राक्षाच्या बागेत. माझी थोरली बहीण, आमची आक्का, येरळा नदीच्या खालच्या अंगाला तासगाव तालुक्यात दिलेली. दाजींची अडीच एकर बाग. त्या बागेच्या पैशावर पोरगा इंजिनिअर झाला, त्याच बागेच्या कर्जाला कंटाळून परदेशी गेला, आणि म्हणतो, आपल्याकडं काही फुलत नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा? मी साठीला आलो. आक्काच्या लग्नापासून दरसाल जानेवारी-फेब्रुवारीत पेटीभर द्राक्षं आणि उन्हाळ्यात बेदाण्याची पिशवी मला पोचते. द्राक्षाचं फूल कसं असतं, ते मीही कधी पाहिलेलं नव्हतं.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या वडूजची माणसं फुलांच्या बाबतीत तशी कोरडीच. खटाव-माण म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. लहानपणी येरळेच्या वाळूत झिरा उकरून तांब्या-तांब्यानं घागर भरायची, ही आमची नदीशी ओळख. गावाला नाव आहे ते 9 सप्टेंबर 1942च्या मोर्चामुळं. कचेरीवर चालून गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतची माणसं पडली. शाळेत आम्हाला ती तारीख आईच्या नावासारखी पाठ असायची. फुलं बघायला जायचं तर सातारा गाठून कास पठार. तिथं आता सप्टेंबरात आधी नावनोंदणी करून, पैसे भरून जावं लागतं. पश्चिम घाट 2012 साली जागतिक वारशात गेला, त्यात कासही गेलं. आमच्याच जिल्ह्यातली फुलं, पण ती डोंगरापलीकडच्या पावसाची. आमच्या बाजूला त्या पावसाचा नुसता वारा येतो.

येरळा मात्र आमची. खटाव तालुक्यातनं ती वडुजाला येते, येरळवाडीच्या तलावात थोडी विसावते, तिथं कधी कधी रोहित पक्षी उतरतात, आणि मग खाली खानापूर, तासगाव, पलूस करत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. नकाशावर बोटभर रेघ. पण त्या रेघेच्या दोन्ही अंगांना, वर मायणी-कलेढोणपासून खाली वसगड्यापर्यंत, जिथं म्हणून पाणी पोचलं तिथं द्राक्ष चढलं आहे. भाच्याला स्पेनमध्ये जे सापडलं ते इथंही आहेच की: कोरडं पात्र, राखाडी डोंगर, मधे द्राक्ष. फक्त बदाम नाही.

नोव्हेंबर सरताना दाजींना फोन केला. दाजी फोनवर नमस्काराच्या आधी एकच प्रश्न विचारतात, “तिकडं वर आभाळ कसं हाय?” वडूज म्हणजे त्यांच्या लेखी नदीचं वरचं अंग, आलं-गेलं सगळं वरनं येतं अशी त्यांची समजूत. मी म्हटलं, स्वच्छ आहे. मग म्हटलं, “दाजी, बाग फुलोऱ्यात आली की कळवा. बघायला येतो.”

पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हसू.

“पाव्हणं, आजवर फुलोऱ्यात कुणी पाव्हणा आला न्हाई बघा. आला तर औषधवाला येतो न्हाईतर ब्यांकवाला.”

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला चार दिवस होते तेव्हा मी निघालो. वडूज, मायणी, विटा. विट्याच्या स्टँडवर चहा घेताना शेजारच्या माणसाशी बोलणं निघालं. त्याचे तिघे भाऊ गलाईच्या धंद्यात, तीन वेगवेगळ्या राज्यांत. या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला हिंदुस्थानभर पांगली ती दुष्काळानं. मागं राहिलेल्यांनी पाण्यासाठी काय काय केलं, त्याला तर मोजदादच नाही. याच येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी 1980च्या दशकात बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. नंतर टेंभू, ताकारी या उपसा योजना आल्या. खालनं कृष्णेचं पाणी उचलून वर आणायचं. कृष्णेला मिळायला निघालेली येरळा आता कृष्णेचंच पाणी पिऊन चालते. लेकीनं माहेरी जाताना माहेरचाच शिधा घेऊन जावं, तसा हा प्रकार.

आक्काच्या घरी पोचायला संध्याकाळ झाली. दाजी बागेतच होते. आक्का म्हणाली, “दीड महिना झालं, माणूस घरात फकस्त जेवाय येतंय.”

तो दीड महिना म्हणजे काय ते मला त्या रात्री समजलं. परदेशातली वेल थंडीत झोपते आणि वसंतात आपसूक जागी होते. आपल्याकडं तिला झोपच नाही. तिला झोपवायचं आणि उठवायचं काम कात्रीनं करावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळं खरडून ओलांड्यापर्यंत (खोडाच्या आडव्या फांद्यांपर्यंत) आणायचं, म्हणजे उन्हाळ्याच्या उन्हात नव्या काड्या येतात. आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी: त्या काड्यांचे शेंडे मारायचे, उरलेल्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे ते फुटतात. दाजींनी आठवडाभर बायका लावून डोळा न् डोळा पेस्टनं ओला केला होता. फूट निघाली, पोंगा झाला, पोंग्यातनं घड डोकावला, घडाचा दोडा झाला, आणि छाटणीपासून चाळिसाव्या दिवसाच्या आसपास आता फुलोरा.

पण हे फूल चाळीस दिवसांचं नाहीच. ते ठरलेलं असतं मे-जूनमध्ये, काडी हिरवी असताना, डोळ्याच्या आत. तेव्हा ऊन भरपूर मिळालं तर आत घड तयार होतो आणि पावसाळाभर तिथंच दडून बसतो. आभाळ धरून राहिलं तर तो तयार होतच नाही, किंवा फुटताना जिरतो. घड जिरला की त्याची बाळी होते. बाळी म्हणजे वेलीचा तो वळलेला तंतू. घड आणि बाळी एकाच गाठीतनं येतात. पोट भरलं तर घड, उपाशी राहिलं तर बाळी. कानात घालतात त्या दागिन्याचं नाव एवढ्या तोट्याच्या गोष्टीला कुणी दिलं असेल? आक्का म्हणाली, “एका सालानं अशा बाळ्या दिल्या, की कानातल्या मोडाव्या लागल्या.” आणि ती हसली. मी नाही हसू शकलो.

सप्टेंबरात दाजी काड्या घेऊन तासगावला जातात. तिथं डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे का. हे ऐकून मी भाच्याच्या बदामाचा विचार करत बसलो. तिथली माणसं फुलांचा रंग बघायला लांबवर जातात. इथला माणूस फूल जन्मायच्या आधी दोन महिने भिंगातनं त्याची नाडी बघतो.

पहाटे साडेचारला दाजींनी उठवलं. थंडी होती, दव पडलं होतं. ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून ते नुसती हवा मारत ओळीतनं फिरत होते. औषध नाही, पाणी नाही, फक्त वारा. दव झटकायला. पानावर पाणी तासन्‌तास बसलं की डाउनी हा रोग येतो, आणि फुलोऱ्यात डाउनी आला तर तो पानावर थांबत नाही, घडात उतरतो. 2009च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला, तेव्हा असाच उतरला. 2021च्या डिसेंबरात पुन्हा. दाजी ही सालं अशी सांगतात, आपण घरातल्या मयताची सालं सांगतो तशी.

उजाडल्यावर त्यांनी मला एका वेलीखाली उभं केलं. “बघा फुलं.”

मी बघितलं. वर हिरवा मांडव, त्यातनं लोंबणारे हिरवे दोडे. फूल कुठं आहे?

“चष्मा हाय न्हवं?”

मग दिसलं. दिसलं म्हणण्यापेक्षा सापडलं. दोड्यावर शेकड्यांनी कळ्या, मोहरीपेक्षा जराशा मोठ्या, ज्वारीपेक्षा लहान. पानाच्याच रंगाच्या. प्रत्येक कळीच्या डोक्यावर एक टोपी. जगातली बहुतेक फुलं वरनं उमलतात. पाकळ्या बाहेर लवतात आणि आतलं दाखवतात. द्राक्षाच्या पाकळ्या मात्र शेंड्याला एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि सुटतात त्या बुडाशी. आतले पाच केसर खालनं रेटा देतात आणि पाची पाकळ्यांची ती अख्खी टोपी उचलून फेकून देतात. म्हणजे फूल उमलतं ते पाकळ्या घालवून. उरतात पाच पांढुरके केसर आणि मधे बाटलीच्या आकाराची इवली हिरवी गाठ. तीच पुढं मणी.

म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो, ते इथं झडतं तेव्हा फुलोरा सुरू होतो. दाजींनी दोड्याखाली तळहात धरला आणि वरनं टिचकी मारली. हातावर टोप्या पडल्या. तपकिरी-हिरवा कोंडा. नाक जवळ नेलं. आधी गंधक आला, कारण भुरी रोगासाठी तो परवाच मारलेला होता. मग मोरचुदाचा धातूसारखा वास. त्या दोन्हींच्या खाली, फार खाली, काहीतरी गोड. ओल्या भुईमुगाची कोवळी शेंग फोडल्यावर येतो तसा, त्याला मधाचं बोट लागलेलं. दाजींना विचारलं, वास येतो का? ते म्हणाले, “यतो की. फुलोऱ्यात रातीला बांधावर बसलं की यतो. पर आमी त्याला वास म्हनत न्हाई. यायला लागला की पोटात गोळा यतो.”

मधमाश्या जवळजवळ नव्हत्या. त्यांची गरजही नाही; लागवडीच्या वेलीचं फूल आपलं आपणच फळतं. रानातल्या द्राक्षवेलींत नर वेगळा, मादी वेगळी. माणसानं कधीकाळी दोन्ही एका फुलात असलेली वेल हेरली आणि तीच लावत गेला. दाजींच्या बागेतल्या जातीत तर फळ धरतं, बीही धरतं, आणि मग ते बी मधेच जिरतं. म्हणून आपण ‘बिनबियांचं’ म्हणतो. बेदाणा या फारसी शब्दाचा अर्थ तोच, बिनदाण्याचा. ही मूळ जात थॉम्पसन सीडलेस. कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसनचं नाव घेऊन ती जगभर फिरली. तिच्यातून याच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी वेगळी वेल निवडून काढली, ती ‘तास-ए-गणेश’. नावात तासगावही आलं आणि तिथला गणपतीही.

मला गंमत वाटली ती औषधाच्या टाकीची. दाजी सहज म्हणाले, “फुलोऱ्याच्या आदी एक बोर्डो काढला हुता.” बोर्डो! मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्दो या वाईनच्या मुलखात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी हे निळं मिश्रण शिंपडत, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की ज्या वेलींना हे लावलंय त्यांना डाउनी होत नाही. त्यानं 1885 साली ते जगापुढं मांडलं. चोरासाठी केलेली युक्ती रोगावर लागू पडली. जगातल्या सगळ्यांत नावाजलेल्या वाईनचं नाव माझ्या माळकरी दाजींच्या तोंडी रोज असतं, आणि त्यांना ते फवारणीचं नाव म्हणूनच ठाऊक.

वाईनचा विषय मी मुद्दामच काढला. 2001मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतर इथं जवळच पलूसला ‘कृष्णा व्हॅली वाईन पार्क’ झालं. नावात खोरं होतं, स्वप्नातही होतं. नाशिककडं ते स्वप्न पिकलं, इकडं फारसं धरलं नाही. पुढं जानेवारी 2022मध्ये दुकानातून वाईन विकायच्या निर्णयावर केवढं रान उठलं, ते आठवत असेल. दाजी दरसाल आषाढीला चालत जाणारे. त्यांचं मत विचारलं.

“पिणाऱ्यानं प्यावी, न पिणाऱ्यानं न्हाई. आमास्नी एवढंच सांगा, किलोला काय देनार?”

दुपारी त्यांनी बेदाण्याचं शेड दाखवलं. आता रिकामं होतं. हिरव्या शेडनेटखाली जाळीच्या दहा-बारा मजल्यांच्या रॅका. मार्चमध्ये इथं घड एका द्रावणात बुडवून पसरतात. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल. मण्यावरचा मेणाचा थर त्यानं सैल होतो आणि पंधरवड्यात बेदाणा वाळतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तासगावच्या बाजारात त्याचे सौदे निघतात, हे सगळ्यांना माहीत. मला मात्र तिथं उभं राहून कोलुमेला आठवला. पहिल्या शतकातला हा रोमन शेतीलेखक जन्मानं आजच्या स्पेनमधल्या कादिझचा. त्यानं बेदाणा करायची रीत लिहून ठेवली आहे: लाकडाच्या राखेची निवळी उकळायची, तिच्यात थोडं चांगलं तेल टाकायचं, घड बुडवायचे आणि वाळवायचे. राखेच्या निवळीत असतं ते पोटॅशियम कार्बोनेटच. भाच्याच्या त्या हालोन खोऱ्यातही एकेकाळी असंच बुडवून बेदाणा करत. तो वाळवायला, पाऊस आला की पटकन आत ओढायला, कमानींच्या उघड्या पडव्या बांधलेल्या होत्या. त्यांना रिउराउ म्हणतात. डेनियाच्या बंदरातून तो बेदाणा इंग्लंडला जाई. मग फिलॉक्सेरा नावाची कीड मुळांना लागली, व्यापार बसला. कमानी उरल्या. आता फुलोऱ्याच्या दिवसांत लोक त्यांचे फोटो काढतात.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. “म्हंजी त्येंची बाग गेली, मग लोक बघाय याय लागली,” ते म्हणाले, आणि रॅकेची एक सुटलेली तार आवळायला लागले.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आक्कानं त्याला सांगून टाकलं होतं, मामा फुलं बघायला आलाय. त्याला आधी पटेना. मी चित्र चालू करून दोड्याजवळ फोन नेला. फोन काही केल्या फुलावर ठरेना. माझ्या अंगठ्यावर ठरायचा, मागच्या पानावर ठरायचा, आणि मधलं सगळं धूसर.

“काही दिसत नाही, मामा.”

“मलाही सकाळी दिसत नव्हतं.”

जरा वेळानं तो म्हणाला, “वास येतोय का हो?” मी म्हटलं, येतोय. तो काही बोलला नाही. मग एकदम त्याचा आवाज बदलला, अगदी बापासारखा झाला. “पप्पांना विचारा, थंडी किती आहे? अंदाजात अरबी समुद्रात काहीतरी दाखवतंय.” व्हॅलेन्सियात बसून हा पोरगा रोज सांगलीचं हवामान बघतो, हे मला तेव्हा कळलं. आक्कालाही तेव्हाच कळलं असावं. ती तोंड फिरवून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. बागेत बायकांची टोळी आली होती. पुढं घड बुडवायचे, विरळणी करायची, त्याचे दर ठरवायला. मुकादमीण आणि दाजी यांची घासाघीस चालू होती. आक्कानं पिशवीत गेल्या सालचा बेदाणा भरला आणि म्हणाली, “फेब्रुवारीत ये गप. खायला तरी मिळंल. आत्ता काय बघितलंस?”

आता घरी येऊन पाच दिवस झालेत. दाजींचा रोज फोन असतो. नमस्काराच्या आधी तोच प्रश्न. अजून आठवडाभर, मणी धरेपर्यंत, तो राहील. पहिले दोन दिवस मी अंथरुणातनंच सांगितलं, स्वच्छ आहे. परवापासून गच्चीवर जायला लागलो. आज पहाटे फोन वाजायच्या आधीच जाग आली. वर गेलो. खाली येरळेचं पात्र, पलीकडं माळ, आणि पूर्वेला क्षितिजाच्या वर वितभर एक ढग. लहान आहे. कापसाच्या बोंडाएवढा. कदाचित ऊन चढलं की विरेलही.

खिशात फोन वाजतो आहे.